लेकराला गावाचं नाव विसरू देऊ नका

वाचकांचे प्रश्न

परतवाड्याकडच्या एका मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात मी एकतीस वर्षं मॅट्रन होते. त्याआधी चार वर्षं कुष्ठरोगाच्या दवाखान्यात ड्रेसिंग करत होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी मिशनच्या शाळा, बोर्डिंग, सुट्टीतली शिबिरं, दवाखाने यांच्याबद्दल लोक मलाच येऊन विचारतात. संपादकांनी त्यातले काही प्रश्न या पानावर घ्यायचं ठरवलं. पत्रं थोडी आखडली आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत.

"बाई, मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी अन् तूर. पोरगी चौथी पास झाली, हुशार हाये. मिशनच्या शाळेच्या बोर्डिंगात तिचा नंबर लागला. पण गावातले लोकं म्हणतात का तिथं पोरीले ख्रिश्चन करून टाकतात. माही माय दोन दिवसांपासून जेवली नाई. मले समजून नाई रायलं, काय करू?"

भाऊ, आधी कायद्याचं सांगते, ते थोडक्यात होतं. आपल्या राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना त्यांच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. त्याच घटनेचं कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे शाळा त्यांची आहे, पण पोरीला प्रार्थनेला बसवायचं की नाही हे ठरवणारे तुम्ही. तोंडी सांगू नका. साध्या कागदावर चार ओळी लिहा, कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. चांगल्या शाळेला याचा राग येत नाही. आला, तर पोरीला तिथं ठेवायचं का, याचं उत्तर तुम्हाला तिथंच मिळालं.

आता माझं सांगते. मी ख्रिस्ती आहे, तिसऱ्या पिढीची. आमच्या बोर्डिंगात सकाळी साडेपाचला घंटा व्हायची, सहाला प्रार्थना, एक गीत, पवित्र शास्त्रातला (बायबलमधला) एक उतारा, दहा-बारा मिनिटांत सगळं संपायचं. निम्म्याहून जास्त मुली बौद्ध, कुणबी, तेली, कोरकू घरच्या. प्रत्येकीची पत्र्याची पेटी पलंगाखाली. पेटीच्या झाकणाला आतून ज्या मुलीला जे लावायचं ते लावायची मुभा होती. कुणाच्या झाकणाला बाबासाहेब, कुणाच्या शेगावचे गजानन महाराज, कुणाच्या येशू, एकीच्या नुसता घरच्या बैलजोडीचा फोटो. शनिवारी पेट्या आवरायच्या असत, सगळी झाकणं एकदम उघडी. त्या ओळीतून चालताना मला प्रत्येक घर ओळखू यायचं. १४ एप्रिलला मुली पांढरे कपडे घालून गावातल्या मिरवणुकीला जायच्या, मी स्वतः सोबत जायची. ज्या पालकांनी लिहून दिलं होतं त्यांच्या मुली प्रार्थनेच्या वेळी अभ्यासाच्या खोलीत बसायच्या. तिथं एक ताई हजर असायची. हे मात्र विचाराच: माझी पोरगी प्रार्थनेला बसणार नसेल, तर तेवढा वेळ ती कुठं बसेल आणि तिच्याजवळ कोण असेल? सक्ती नाही म्हणून लेकरू व्हरांड्यात एकटं उभं राहत असेल, तर ती शिक्षाच झाली.

मिशनच्या शाळेत शिकल्यानं जात किंवा धर्म बदलत नाही, दाखल्यावरही नाही. पण नाव दाखल करताना जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचा. आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ, जन्मतारीख, जात, धर्म. वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्या. पुढं दहावीनंतर जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारणारे बाप मी पाहिलेत, आणि दर वेळी मूळ चूक पहिल्या दिवशीच्या त्या एका ओळीत असायची. फीचंही स्पष्ट विचारा. शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के मोफत जागांचा नियम अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, २०१४ साली सुप्रीम कोर्टानं तसा निकाल दिला. त्यामुळं 'मोफत असेल' असं धरून चालू नका. आणि जे पैसे द्याल त्याची पावती घ्या.

धर्माच्या काळजीत बाकीचे प्रश्न राहून जातात, आणि माझ्या मते ते जास्त मोठे आहेत. रात्री मुलींच्या खोलीत कोण झोपतं? संडासापर्यंत दिवा आहे का, दाराला आतून कडी आहे का? ताप आला तर कोणत्या दवाखान्यात नेतात, आणि तुम्हाला फोन रात्रीच करतात की सकाळी? पोरीला बाहेर न्यायला कोण येऊ शकतं, फाटकावर त्यांचे फोटो आणि सह्या ठेवल्यात का? आमच्याकडे एका मुलीचा चुलता आला, सख्खा, चेहऱ्यात सारखेपणा होता. रजिस्टरला त्याचं नाव नव्हतं, मी सोडली नाही. तो फाटकावर तासभर बोलत राहिला. वडिलांना फोन लावला तेव्हा कळलं, की घरी जमिनीचा वाद चालू होता.

एक चूक माझी आहे, ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत आमचा नियम होता, पहिला महिनाभर घरच्यांनी भेटायला यायचं नाही. लेकरू रुळत नाही म्हणायचे. मीही तेच म्हणायची. एका पावसाळ्यात सहावीतली एक मुलगी पहाटे कुंपणातून निघून चौदा किलोमीटर चालत घरी गेली. नाल्याला पाणी होतं. ती सुखरूप पोचली, हे माझ्या हुशारीमुळं नाही. त्या दिवसापासून मी तो नियम मोडून काढला. पहिल्या पंधरा रात्रींत आई किंवा बाप दोनदा तरी यायलाच हवा. पोरी रडतात, आई गेल्यावर अर्धा तास जास्त रडतात, आणि मग जेवतात. न भेटलेली मुलगी रडत नाही, गप्प होते. मला त्या गप्प पोरींची जास्त भीती वाटायची.

तेव्हा भाऊ, पाठवा. पण सोयाबीनची सोंगणी असो की कापसाचा वेचा, पंधरा दिवसांनी एकदा जाच. आणि पहिल्या भेटीला तुमच्या आईलाच घेऊन जा. पोरगी कुठं झोपते, काय खाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की त्या जेवतील.

"अंजनगाव सुर्जी तालुक्यातून लिहिते. सासूबाईंना दहा वर्षांपूर्वी कुष्ठरोग झाला होता. बारा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या, डॉक्टर म्हणतात बऱ्या आहेत. पण उजव्या तळव्याची जखम भरत नाही आणि हाताची दोन बोटं वाकली आहेत. दीर म्हणतात, कोठाऱ्याला मिशनच्या दवाखान्यात कायमचं नेऊन ठेवू. घरात त्यांचं ताट वेगळं, कपबशी वेगळी. मुलं त्यांच्याजवळ गेली की मी ओढून आणते. मी चुकते आहे का?"

हो ताई, चुकता आहात. पण विचारलंत, म्हणून मी हे पत्र दोनदा वाचलं.

बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही. सासूबाईंचा कोर्स दहा वर्षांपूर्वी पुरा झाला. त्यांच्या ताटात जेवलात, मुलं त्यांच्या कुशीत झोपली, तरी काही होणार नाही. जखम आहे म्हणजे रोग आहे, असं लोकांना वाटतं. रोग गेला. रोगानं जाताना पायाची नस मारली, म्हणून तळव्याला काही जाणवत नाही, आणि जाणवत नाही म्हणून जखम होते.

दवाखान्यात एक आजीबाई आल्या होत्या, चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या गावातल्या. तळव्यात पऱ्हाटीचं धसकट शिरलेलं, तीन दिवसांचं. त्याच पायानं सात किलोमीटर चालत आल्या होत्या. मी चिमट्यानं ओढायला लागले, माझ्याच हाताला घाम आला, आणि त्या मला म्हणतात, "ओढ पोरी, मले काई होत नाई." आपल्याला काटा टोचला की आपण पाय उचलतो. त्यांना उचलायचं कळतच नाही. दुखणं ही केवढी मोठी राखण आहे, हे मी त्या दिवशी शिकले.

त्यामुळं रोज संध्याकाळी त्यांच्या पायाकडे बघणारे डोळे हवेत, आणि ते घरचे असले तर सगळ्यात बरं. घमेल्यात साधं पाणी घ्या, गरम अजिबात नको, त्यांना चटका कळणार नाही. वीस मिनिटं पाय बुडवून बसू द्या. मग कडक झालेली कातडी खरबरीत दगडानं हलक्या हातानं घासा, जखमेला हात न लावता. पाय ओला असतानाच तेल लावा, जवसाचं, खोबऱ्याचं, जे घरात असेल ते. बोटांच्या बेचक्या बघा, लाल डाग, फोड, भेग. जखमेवर स्वच्छ कापड बांधा आणि त्या पायावर भार देऊ नका. जखम मलमापेक्षा आरामानं भरते. पाय गरम लागला, सुजला, वास आला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. नवीन चट्टा आला, हातापायातली ताकद एकदम कमी झाली किंवा नस दुखायला लागली, तरी थांबायचं नाही.

घरातही लक्ष ठेवा. चहाचा ग्लास हातात देताना भोवती फडकं गुंडाळा. चुलीवरचं भांडं सांडशीशिवाय उचलू देऊ नका. रात्री पायात मोजे घाला. आमच्याकडे असे लोक यायचे, ज्यांच्या बोटाला रात्री उंदरानं कुरतडलेलं असायचं आणि त्यांना सकाळी रक्त बघून कळायचं. मऊ रबराची एम.सी.आर. चप्पल मिशनच्या दवाखान्यात मिळते, सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातही मोफत मिळते. ती अनवाणी शेतात जाण्यापेक्षा, आणि बाजारातल्या प्लॅस्टिकच्या चपलेपेक्षाही, कितीतरी बरी.

कोठाऱ्याला जरूर न्या. जखमेसाठी न्या, वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया होईल का ते विचारायला न्या, चपलेसाठी न्या. आणि परत आणा. वेल्स्ली बेली यांनी १८७४ साली लेप्रसी मिशन सुरू केलं तेव्हा औषधच नव्हतं, गावानं हाकललेल्या माणसाला छप्पर देणं एवढीच सेवा शक्य होती. म्हणून जुन्या काळी लोक मिशनच्या आवारातच म्हातारे झाले. आपल्या विदर्भात हे काम मिशननंच केलं असंही नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला बाबा आमटे, या सगळ्यांनी घरानं नाकारलेल्यांसाठी घरं उभी केली. पण तुमच्या सासूबाईंना घर आहे, सून आहे, नातवंडं आहेत. २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात लिहिलेलं होतं, ते संसदेनं काढून टाकलं. तुमच्या दिरांनाही हे सांगा.

वेगळं ताट आजच मोडा. काही बोलू नका, माफी मागू नका, नुसतं सगळ्यांच्या पंगतीत त्यांना वाढा. मुलांना ओढायचं सोडा. म्हाताऱ्या माणसाला सगळं समजतं.

"मी गडचिरोली जिल्ह्यात संडेस्कूल घेते. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर मे महिन्यात दहा दिवसांची व्ही.बी.एस., म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, असते. मागच्या वर्षी पहिल्या दिवशी साठ मुलं होती, चौथ्या दिवशी अठरा. पाळकसाहेब म्हणतात माझी तयारी कमी पडते. यंदा काय करू? तरुणांचं शिबिरही चिखलदऱ्याला न्यायचं म्हणतात."

पोरी, तुझी तयारी कमी पडली नाही, तुझी वेळ चुकली. तू सकाळी आठ ते अकरा लिहिलंयस. मे महिन्यात तुझ्याकडे तेंदूपत्ता चालू असतो. घरंच्या घरं पहाटे अंधारात जंगलात जातात, दहाच्या सुमारास पानं घेऊन येतात, मग दुपारभर सगळं घर बसून पुडके बांधतं. दहा वर्षांचं पोरही त्यात असतं. संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजणी. वर्षभराचं मीठ-मिरची, वह्या-पुस्तकं त्या पंधरवड्यावर असतात. आई पोराला तुझ्या गाण्यासाठी कशी सोडेल? तिनं सोडू नये असंच मी म्हणेन.

संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ठेव, मोजणीला मोठी माणसं गेली की मुलं मोकळी होतात. चिंचेखाली किंवा शाळेच्या ओट्यावर, पत्र्याच्या हॉलमध्ये नको, तो रात्री नऊपर्यंत तापलेला असतो. दोन रांजण पाणी आणि लिंबू-साखर-मिठाचं सरबत आधी, गाणं नंतर. मुलं थकलेली असतील, म्हणून लांब धडे नकोत. एक गोष्ट सांग आणि तीच त्यांना करून दाखवू दे. मातीचं काम दे, हात कामाला लागले की पोरं बसतात. किंवा तेंदू उरकू दे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात घे. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटीच उघडतात, तेवढी सवड आहे.

ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलं येत असतील तर त्यांच्या घरी स्वतः जा. काय शिकवतेस, कोणती गाणी आहेत, हे आईबापाला सांग आणि त्यांनी हो म्हटलं तरच मुलाला बसव. मुलांचे हात जोडलेले व्हिडिओ मोबाईलवर टाकू नकोस. ते त्यांचं आहे, आपल्या अहवालाला जोडायचं नाही.

चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, मेच्या उन्हातून गेलेल्या पोरांना तिथली संध्याकाळ आयुष्यभर आठवते. मी स्वतः अकरावीत असताना तिथं शिबिराला गेले होते आणि पहिल्यांदा कॉफीचं झाड पाहिलं. जरूर न्या. पण मुलींसोबत मुक्कामाला दोन बायका हव्यात, एक नाही. प्रत्येक पालकाची सही हवी, आणि घाटात गाडी रात्रीची नको.

"मी वाशिमला नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी 'विदर्भातील मिशनरी कार्य' हा विषय घेतला आहे. माहिती द्याल का?"

बेटा, सुरुवात नागपुरापासून कर. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी लिहून घेतली. १८६३ साली टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, त्यांच्या नावाचं. नंतर वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी विदर्भातले भाग कामासाठी वाटून घेतले: यवतमाळला फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावती-खामगावकडे अलायन्स, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटिश एपिस्कोपल, तुमच्या वाशिम-बुलढाण्याला नाझरीन. यवतमाळला १९५३ पासून धर्मशिक्षणाचं मोठं विद्यालय होतं, युनियन बिब्लिकल सेमिनरी, ते १९८३ मध्ये पुण्याला गेलं. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७०. तुझ्या गावातलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ चं. डॉक्टर ओर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन बाईंनी ते शाळेच्या जुन्या इमारतीत सुरू केलं. तिथं जा. जुन्या नर्सबाई, स्वयंपाकी, माळी यांच्याशी बोल, तुझा प्रकल्प त्यांच्याकडे आहे.

एक गोष्ट माझ्या घरातली, तुला हवी तर घाल. १८९९-१९०० साली वऱ्हाडात भयंकर दुष्काळ पडला. मिशनांनी तेव्हा शेकडो लेकरं उचलली, जगवली. माझी आजी त्यातली एक. मी मोठी झाल्यावर तिची नोंद रजिस्टरमध्ये स्वतः पाहिली. इंग्रजीत एका ओळीत: मुलगी, वय अंदाजे पाच, गाव माहीत नाही. पुढं मिशननं दिलेलं नाव. तिला घरचं आठवत होतं ते एवढंच, विहिरीवर वाकलेलं एक चिंचेचं झाड, आणि आई तिला 'बायजे' म्हणायची. त्या मिशननं तिला अन्न दिलं, अक्षर दिलं, तिचं लग्न लावून दिलं. मी आज आहे ती त्यामुळं. ती रोज त्याबद्दल देवाचे उपकार मानायची. आणि कुठल्याही नव्या गावात गेली की आधी विहीर बघून यायची. मी दहा वर्षांची असताना बोर्डिंगला निघाले, दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेत बसून, मूर्तिजापूरला गाडी बदलून अचलपूरला. ती छोटी गाडी इतकी हळू जायची की लोक उतरून पुन्हा चढायचे. आजी स्टेशनवर आली होती. तिनं डबा दिला, पैसे दिले, आणि मला गावाचं, तालुक्याचं, बापाचं नाव तीनदा म्हणायला लावलं. गाडी सुटली तरी ती खिडकीजवळ चालत म्हणत होती, "सांग पाहू, कोण्या गावची?"

हे दोन्ही प्रकल्पात लिही, मिशननं काय दिलं तेही, आणि काय नोंदवायचं राहिलं तेही.

"माझे पती कर्जापायी गेले, दीड वर्ष झालं. दोन लेकरं आहेत. मजुरीवर भागत नाही. एक माणूस जीपनं येतो, म्हणतो दुसऱ्या राज्यात ख्रिस्ती लोकांचा अनाथाश्रम आहे, शिक्षण-जेवण फुकट, फक्त सह्या करा. दोन दिवसांत सांगायचं आहे. करू का सही?"

बाई, सही करू नका. हे पत्र छापून येईपर्यंत मी थांबले नाही, संपादकांकडून तुमचा फोन घेऊन बोलले. तरी इथं लिहिते, कारण अशी जीप एकाच गावात जात नाही.

मीही ख्रिस्ती आहे, म्हणून जास्त कडक सांगते. खरा आश्रम दारोदार लेकरं गोळा करत नाही, कोऱ्या कागदावर सह्या घेत नाही आणि दोन दिवसांची घाई करत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, धर्म कोणताही असो. आणि आधाराची गरज असलेलं मूल चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर उभं करावं लागतं, तिथं ठेवायचं की नाही ते समिती ठरवते. जीपवाल्याला एवढंच विचारा: नोंदणीचा कागद दाखवा, आणि समितीसमोर माझ्यासोबत चला. तो पुन्हा आला, तर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ नंबरवर फोन करा. हा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.

आमच्या बोर्डिंगच्या शेजारच्या मुलांच्या वसतिगृहात एकदा दोन भाऊ आले, अशाच एका ठिकाणाहून सुटलेले. थोरला नऊ वर्षांचा. त्याला मी घरी कोण कोण आहे विचारलं, तर तो पाठ केल्यासारखा म्हणाला, "आम्हाला कुणी नाही." धाकट्यानं त्याच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "आई आहे ना." पाहुणे आले की असं सांगायचं, असं त्यांना शिकवलं होतं. त्यांच्या आईला शोधायला आम्हाला सात महिने लागले, कारण तिनं ज्या कागदावर अंगठा दिला होता त्यावर गावाचं नावच नव्हतं.

आता तुमचं. वडील गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. मूल आईजवळच राहतं आणि प्रत्येक मुलामागं महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. पतीचा मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा बोनाफाईड, आधार, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि फोटो सोबत न्या. एखादा कागद नसेल तरी जा, तिथं विचारून घ्या. पैसे लगेच सुरू होत नाहीत, चकरा होतात. अंगणवाडीताईला सोबत घ्या, त्यांना हे माहीत असतं. थोरल्याला शिकायला बाहेर ठेवायचंच असेल तर शाळेचं बोर्डिंग निवडा, जिथून तो दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी येईल, आणि जिथं तुम्ही एसटीनं एका दिवसात जाऊन येऊ शकाल. पहिल्या उत्तरातले प्रश्न तिथं विचारा.

मृत्यूचा दाखला अजून ग्रामपंचायतीतून आणलेला नाही, असं तुम्ही फोनवर म्हणालात. सोमवारी तेवढं करा आणि मला कळवा. आणि पुढच्या पत्रात दोघांची नावं लिहा, या पत्रात फक्त 'दोन लेकरं' एवढंच आहे.